पद्मिनीचा डॅशबोर्ड उतरवताना

भात कापून खळ्यावर आलं की आमच्या भोरात जुन्या गाड्यांवरच्या ताडपत्र्या निघतात. चार महिने झाकून ठेवलेली फियाट दिवाळीच्या तोंडावर धुतली जाते, बॅटरी चार्ज करून आणली जाते, आणि चावी फिरवली की तक्रारी सुरू होतात. पेट्रोलचा काटा हलत नाही. इंडिकेटर दिला की मीटरमधला भलताच दिवा मिणमिणतो. डॅशबोर्डच्या आतून ओल्या गोणपाटासारखा वास येतो. मग कोणीतरी सुचवतं, की हे जुनं सगळं काढून टाका आणि नवीन काहीतरी बसवून घ्या.

तसं करू नका. या तिन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा डॅशबोर्डच्या मागे असतं: पाणी, उंदीर आणि चाळीस वर्षांत ज्याने त्याने आपापल्या परीने जोडत नेलेल्या वायरी. तिथवर हात पोचावा म्हणून डॅशबोर्ड उतरवायचा. मागचं काम नीट झालं की मूळच्याच वस्तू पुन्हा बसवायच्या.

हे मी आमच्या घरच्या प्रीमियर पद्मिनीच्या अनुभवावरून सांगतो आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट तयार होऊ लागली आणि १९७४ मध्ये त्याच गाडीचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं. लोकांच्या तोंडी मात्र ती शेवटपर्यंत फियाटच राहिली. मुंबईत काळी-पिवळी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ची. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर तीही रस्त्यावरून गेली. कारखाना केव्हाच थांबला होता. टॅक्सी थांबल्यावर सुटे भाग विकणाऱ्यांचं मोठं गिऱ्हाईकही संपलं. म्हणून डॅशबोर्डवरची तडकलेली घुंडीसुद्धा फेकायची नाही. तिच्यावरून दुसरी घडवता येते. घुंडीच नसेल तर कारागिरापुढे नमुना काय ठेवणार?

काम कधी काढायचं, हे आपल्या भागात फार महत्त्वाचं आहे. भोर शहरात पाऊस त्या मानाने बेताचा, पण पश्चिमेला हिरडस मावळाकडे किंवा वेल्ह्याच्या गुंजण मावळाकडे सरकलात की आषाढ-श्रावणात भिंतींनाही पाझर फुटतो. अशा हवेत रंगावर पांढुरका थर धरतो आणि रेक्झिन चिकटवायचं रबरी सोल्युशन पकड घेत नाही. त्यातला पातळ भाग उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि दोन थरांच्या मध्ये पाणी अडकतं. महिन्याभरात कडा सुटतात. मार्गशीर्ष ते फाल्गुन हा काळ सगळ्यात चांगला. मात्र भातकापणीनंतर शेतातले उंदीर घरांकडे आणि गाड्यांकडे वळतात, तेव्हा उघडलेली गाडी धान्याच्या कणगीजवळ किंवा पेंढ्याच्या गंजीजवळ ठेवू नका.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आमची गाडी एका गॅरेजात दिली होती. डॅशबोर्डमागचा एक पत्रा बदलायचा होता. तिथल्या माणसाने वेळ वाचवायला वायरींचा जुडगा पक्कडीने सरळ तोडला आणि नंतर अंदाजाने एकेक वायर पिळून, वर टेप गुंडाळून जोडली. गाडी सुरू झाली, आम्ही खूश होऊन घरी आलो. पुढच्याच पावसाळ्यात रात्री वरंधा घाट उतरताना समोरचे दोन्ही दिवे एकदम गेले. वडील गाडी चालवत होते, आई मागे बसली होती. वळणावर गाडी थांबवता आली, एवढंच. तेव्हापासून माझा एक नियम ठरला आहे: डॅशबोर्ड उतरवताना एकही वायर कापायची नाही. जी सुटत नाही, तिच्या दुसऱ्या टोकाकडे जायचं.

सुरुवात पान्याने होत नाही, वहीने होते. दोनशे पानी वही आणि मोबाइल घ्या. काहीही सोडवण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. स्टीअरिंगखाली उताणं पडून, टॉर्चचा उजेड धरून वरच्या दिशेचे सुद्धा. मग प्रत्येक वायरीला कापडी चिकटपट्टीचा झेंडा लावा आणि त्यावर आकडा घाला. तोच आकडा जिथून वायर सुटली त्या टोकालाही द्या. रंगावर विसंबू नका. चाळीस वर्षांत लाल, तपकिरी आणि नारिंगी एकसारखे दिसायला लागतात, आणि मधे कोणी हाताला लागेल त्या रंगाचा तुकडा जोडलेला असतो. वहीत लिहायचं ते असं: "१४, तपकिरी, जाड, दिव्याच्या स्विचचं डावं टोक." स्क्रूंसाठी रिकामी काड्यापेटी किंवा औषधाची बाटली, प्रत्येक जागेची वेगळी, वर नाव. स्क्रू दिसायला सारखे असले तरी लांबी वेगळी असते, आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला की मागच्या वायरीत घुसतो. मीटरचं रीडिंगही पहिल्याच पानावर टिपून ठेवा.

आता बॅटरी. आधी बॉडीला जोडलेलं टोक सोडवा, मग दुसरं. उलट केलंत आणि पाना चुकून पत्र्याला टेकला तर ठिणग्या उडतात. बारा व्होल्टची बॅटरी शॉर्ट झाल्यावर शेकडो अ‍ॅम्पियर देते आणि पाना हातात लाल होतो. बॅटरी गाडीतून उचलून बाहेरच ठेवा. डॅशबोर्डचं काम आठवडे चालतं, आणि त्या दरम्यान घरातलं कोणीतरी चावी फिरवून बघतंच.

उतरवण्याचा क्रम बाहेरून आत असा ठेवावा: घुंड्या, ॲश-ट्रे, पुढच्या कप्प्याचं झाकण, मग मीटरचा संच. पद्मिनीचा आडवा मीटर पुढे ओढण्याआधी त्याच्या मागची स्पीडोमीटरची केबल हाताने सोडवावी लागते. दात असलेला तो गोल नट पक्कडीने आवळला की चेपतो, म्हणून बोटांनीच फिरवा. हलत नसेल तर गंज सोडवणारं तेल सोडून रात्रभर थांबा. केबल तशीच ठेवून मीटर ओढल्यामुळे मागचा चौकोनी दांडा मोडलेले मीटर मी स्वतः पाहिले आहेत. स्टीअरिंगचं चाक काढायचं असेल तर चाकावर आणि दांड्यावर एका रेषेत खूण करा, नट पूर्ण न काढता दोन-तीन आटे शिल्लक ठेवा आणि पुलर वापरा. दांड्यावर हातोडी मारायची नाही. नट शिल्लक असला की चाक सुटून तोंडावर येत नाही.

मुख्य पत्र्याच्या दोन्ही टोकांना बोल्ट दिसले नाहीत, तर तो बॉडीला वेल्ड केलेला आहे असं समजा. अशा गाडीत डॅशबोर्ड उतरवणं म्हणजे त्या पत्र्यावरचं आणि मागचं सगळं उतरवणं. पत्रा कापून काढायचा मोह कितीही झाला तरी आवरा. त्याचं कारण पुढे येईल.

मागचं उघडं पडलं की बहुतेक वेळा पहिल्यांदा दिसतं ते उंदराचं घर. पेंढा, कागदाचे कपटे, भाताचं तूस, कधी चघळलेला फोम. इथे हातमोजे आणि नाकाला मास्क हवाच. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो, आणि आपल्याकडच्या ओल्या हवेत ही भीती पोकळ नाही. कोरडं झाडू नका. आधी जंतुनाशकाचं पाणी फवारा, पंधरा मिनिटं थांबा, मग उचला. जुन्या उष्णतारोधक पट्ट्या आणि नमद्याची धूळही श्वासात जाऊ देऊ नका. उंदीर जिथून आत येतो ते भोक बहुधा वायरींच्या जुडग्यासाठी पाडलेलं असतं आणि त्यातलं रबरी ग्रोमेट कुजून पडलेलं असतं. पुण्यात नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानांत ग्रोमेट मिळतात. एक दिवस तिकडे घालवा. येताना बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून वायर, थिंबल आणि रिले घ्या. बुधवारी किंवा रविवारी गेलात तर मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात एक फेरी माराच. घुंड्या, दिव्यांच्या काचा, कधी अख्खा मीटर हाती लागतो.

वायरिंग हा या कामाचा गाभा आहे आणि त्यात घाई करू नये. जुडगा पूर्ण बाहेर काढून ओसरीवर लांब पसरा. टणक झालेली, वाकवल्यावर तडकणारी वायर बदलायची. मऊ आणि आतून चकचकीत तांब्याची असेल ती ठेवायची. नवी वायर किती जाड घ्यायची, याचा हिशेब सोपा आहे: वॉटला व्होल्टने भागलं की अ‍ॅम्पियर. ६० वॉटचे दोन दिवे १२ व्होल्टवर १० अ‍ॅम्पियर घेतात, तिथे २.५ चौरस मिलिमीटरची वायर द्या. मीटरमधला ३ वॉटचा बल्ब पाव अ‍ॅम्पियर घेतो, त्याला १ चौरस मिलिमीटर भरपूर झाली. जुन्या गाड्यांत दिव्यांचा सगळा प्रवाह डॅशबोर्डवरच्या स्विचमधून जातो, म्हणून स्विच तापतो आणि वितळतो. बॅटरीजवळ रिले बसवा. मग स्विचला फक्त रिले चालवायचा असतो, जुना स्विच तसाच राहतो आणि दिवे उजळ पडतात. डाव्या आणि उजव्या दिव्याला फ्यूज वेगवेगळा द्या. वरंध्यात आमच्यावर जी वेळ आली ती एका सामाईक जोडामुळे आली होती; फ्यूज वेगळे असते तर निदान एक दिवा राहिला असता.

पिळून टेप लावलेला जोड एकही ठेवू नका. थिंबल दाबून बसवा, वर स्लीव्ह चढवा. आमच्या आळीतले वायरमन काका या बाबतीत कडक होते. जोड ओढून दाखवला नाही तर ते पुढचं काम बघायचेच नाहीत. "ओढ ना, निसटला तर आत्ता निसटू दे," म्हणायचे.

इंडिकेटर दिला आणि भलताच दिवा लागला, तर दोष जवळजवळ नेहमी अर्थिंगचा असतो. प्रवाहाला बॉडीतून बॅटरीकडे परतायची वाट मिळत नाही, म्हणून तो दुसऱ्या बल्बमधून वळसा घेतो. गाडी नव्याने रंगवल्यावर ही तक्रार वाढते आणि मालक चक्रावतो. कारण साधं आहे: अर्थच्या स्क्रूखाली रंग बसलेला असतो आणि रंगातून वीज जात नाही. त्या जागेपुरता रंग खरवडा, पत्रा उघडा करा, थिंबल घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. पेट्रोलचा काटा हलत नसेल तर मीटर उघडण्याआधी टाकीकडून येणारी वायर डॅशबोर्डच्या बाजूला सोडवून, चावी बंद असताना बॉडीला जोडा आणि मग चावी फिरवा. काटा एका टोकाला गेला तर मीटर चांगला आहे; दोष टाकीतल्या तरंगत्या गोळ्यात किंवा मधल्या वायरीत शोधा. हे टाकीजवळ करू नका, तिथे ठिणगी नको.

बल्ब बदलताना एक गोष्ट सांभाळा. मीटरच्या उजेडासाठी एलईडी चालतात. ते तापत नाहीत, त्यामुळे छापील प्लास्टिक वाकत नाही. पण चार्जिंगचा लाल दिवा साध्या बल्बचाच ठेवा. ऑल्टरनेटर असलेल्या बऱ्याच गाड्यांत सुरुवातीचा प्रवाह त्याच बल्बमधून जातो. तिथे एलईडी लावला की ऑल्टरनेटर जागाच होत नाही, आणि आपण बॅटरीला दोष देत बसतो.

स्पीडोमीटरची केबल पूर्ण बाहेर काढून रॉकेलने धुवा, हलक्या हाताने ग्रीस लावा, पण मीटरकडची वरची वीतभर जागा कोरडी ठेवा. तिथलं ग्रीस फिरता फिरता वर चढतं, मीटरमध्ये शिरतं आणि काटा चिकटतो. मीटरचं आतलं यंत्र मात्र घड्याळजी किंवा मीटर दुरुस्त करणाऱ्याच्याच हाती द्यावं.

जीपवाल्यांसाठी दोन शब्द. वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांत महिंद्राच्या जुन्या जीप अजून आहेत. त्यांचा डॅशबोर्ड म्हणजे सपाट पत्रा आणि त्यात गोल मीटर, काम निम्मं सोपं. पण ऑइल प्रेशरच्या मीटरला वायरीऐवजी बारीक नळी असेल तर ती वाकवू नका, कापू तर नकाच; तिच्यातून इंजिनचं गरम तेल येतं. तापमानाच्या मीटरला सलग तांब्याची नळी असेल तर इंजिनकडचं टोक सोडवून नळीसकट मीटर बाहेर काढा. तुटली की मीटर गेला. आणि कोणाकडे युद्धकाळातली लष्करी डिस्पोजलची जीप असेल तर तिच्या मीटरची काच उघडू नये. अंधारात दिसावेत म्हणून त्या काळच्या काट्यांवर रेडियमचा रंग असू शकतो. चमक गेली तरी त्याची भुकटी घातकच राहते.

आता पाणी. डॅशबोर्डमागे गंज दिसला की लोक लगेच पॉलिश पेपर उचलतात. आधी पाणी कुठून येतं ते शोधा. दर्शनी काचेच्या आतल्या कडेला सगळीकडे खडूची पूड भुरभुरा आणि आत वर्तमानपत्र अंथरा. बाहेरून एकाने पाइप धरायचा, पण खालून सुरुवात करून हळूहळू वर जायचं. वरून सोडलं तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि काहीच कळत नाही. पूड जिथे भिजून ओघळ पडला, तिथे छिद्र. बहुतेक वेळा दोष काचेच्या खालच्या कोपऱ्यांत ताठरलेल्या रबरात असतो, नाहीतर बॉनेट आणि काचेच्या मधल्या खाचेत. ती खाच झाडाखाली उभ्या गाडीत पाल्याने भरते, पाणी बाहेर काढणारी भोकं बुजतात आणि तळं साचतं. भोकं तारेने मोकळी करा. काच काढावी लागली तर जुनं रबर पुन्हा वापरू नका. नवं रबर काचेवर चढवून त्याच्या पत्र्याकडच्या खाचेत सुतळी फिरवायची, साबणाचं पाणी लावायचं, एकाने बाहेरून काच दाबायची आणि दुसऱ्याने आतून सुतळी ओढत जायचं; रबराची कड आपोआप पत्र्यावर बसते.

गंज वरवरचा असेल तर घासून फॉस्फरिक किंवा टॅनिक आम्लाचं द्रावण लावा. टॅनिक आम्लाने तांबडा गंज काळा आणि घट्ट होतो. हिरडस मावळाच्या रानातल्या हिरड्यातही टॅनिनच असतं. हिरडा आणि लोखंड एकत्र आले की काळी शाई होते, ती याच गुणाने. गाडीसाठी मात्र बाजारातलं तयार द्रावणच घ्या, त्याचं प्रमाण ठरलेलं असतं. पत्रा स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दाबून भोक पडलं तर तिथे लांबी भरून भागत नाही. तेवढा पत्रा बदलून वेल्ड करून घ्या, आणि वेल्डिंगच्या वेळी वायरिंग गाडीत नको. जुना रंग कोरडा घासू नका. त्यात शिसं असू शकतं. पॉलिश पेपर पाण्यात भिजवूनच घासावा.

डॅशबोर्डवरच्या गादीच्या भेगांबद्दल थोडक्यात. त्यांत बॉडीची लांबी भरू नका, ती कडक होते आणि पहिल्याच चैत्राच्या उन्हात पुन्हा तडकते. सुटलेला फोम काढून, लवचिक फिलर भरून वर रेक्झिन चढवणं हे सीट शिवणाऱ्या चांगल्या कारागिराचं काम आहे, त्याच्याकडेच द्या. रेक्झिन मंद चकाकीचं घ्या. चकचकीत घेतलंत तर दुपारी त्याचं प्रतिबिंब काचेत पडतं आणि घाटात समोरचं दिसत नाही.

पत्रा का कापायचा नाही, ते आता. अनेकांना डॅशबोर्डमध्ये मोठा स्क्रीन हवा असतो. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांचे नियम केले. ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात फेरबदल न झालेली गाडी त्यात बसते. पद्मिनी नावाच्या पहिल्या गाड्यांनी आता पन्नाशी गाठली आहे. आज कापलेला पत्रा त्या नोंदणीच्या आड येऊ शकतो, आणि गाडीची किंमत तर उतरतेच. गाणी ऐकायची असतील तर कप्प्यात मावणारा छोटा ब्लूटूथ अ‍ॅम्प्लिफायर ठेवा. एकही भोक पाडावं लागत नाही.

परत बसवताना वही उलट्या क्रमाने वाचायची. झाकणं लावण्याआधी बॅटरी जोडा, पण पहिल्यांदा बॅटरीच्या वायरीत एक लहान फ्यूज घालून. काही चुकलं असेल तर फ्यूज उडेल, वायर जळणार नाही. दिवे, हॉर्न, वायपर, इंडिकेटर एकेक करून बघा. स्टीअरिंगचा दांडा धरणाऱ्या ब्रॅकेटचे बोल्ट स्वतः आवळा आणि मेकॅनिककडून पुन्हा तपासून घ्या. यात कसूर चालत नाही. मग एखाद्या सकाळी कापूरहोळपर्यंत सपाट रस्त्याने जा, आणि सगळं शांत वाटलं तर पाबे घाट चढून या. खड्ड्यांत जे खडखडतं तिथे नमद्याची पट्टी लावा. घरी आल्यावर मीटरमागे हात घालून वायरी चाचपा. एखादी कोमट लागली तर तिचा जोड पुन्हा करा.

शेवटी ती वही आणि वायरींचा नवा नकाशा प्लास्टिकच्या पिशवीत घालून पुढच्या कप्प्यात ठेवा. गाडी कधी विकलीत तर चावीबरोबर वहीही द्या.